ऑर्गनच्या मागचा वारा

लोहाराला धाकट्या भावाचा हेवा वाटे तो फक्त रविवारी. एरवी दोघांचे सूत उत्तम जमे. धाकटा घड्याळे दुरुस्त करी आणि रविवारी ख्रिस्ती देवळातला ऑर्गन वाजवी. थोरला त्याच ऑर्गनच्या मागे, भिंत आणि लाकडी पेटी यांमधल्या अरुंद जागेत उभा राहून भात्याचा दांडा खालीवर करी. भाता रिकामा होऊ लागला की दोरीला टांगलेला शिशाचा गोळा वर सरके. तो तांबड्या रेघेपलीकडे जाऊ द्यायचा नाही, एवढेच त्याचे काम. वारा त्याचा, सूर भावाचा. उपासना संपली की मंडळी भावाभोवती जमत आणि लोहार कपाळ पुसत मागच्या दाराने बाहेर पडे.

पाळक एकदा म्हणाले, "तुमच्या भावाच्या बोटांत देवाने देणगी ठेवली आहे."

"आणि माझ्या दंडात?" लोहाराने विचारले. पाळक विनोद समजून हसले.

एवढे त्याने गिळले असते. पण गोष्ट घरापर्यंत आली. लोहाराची एकुलती मुलगी तापाने गेली, तेव्हापासून बायकोने गाणे सोडले होते. एके काळी देवळात सगळ्यांना सूर धरून देणारी ती. आता पहिल्या बाकाशी उभी राही, गीतपुस्तक उघडी, पण ओठ मिटलेले. तिला पुन्हा कंठ फुटावा म्हणून लोहार रोज भट्टी पेटवण्याआधी ऐरणीवर हात ठेवून प्रार्थना करी. देव ऐकतो, अशी त्याची श्रद्धा होती; फक्त इतका वेळ का लावतो, हे त्याला उमगत नव्हते.

आणि एका रविवारी जेवताना ती आपण होऊन म्हणाली, "भावजी वाजवायला लागले ना, की आतलं जरा हलकं होतं."

लोहाराचा घास तोंडातच फिरू लागला. "वारा मी घालतो," तो म्हणाला.

"मग? नाही कुठे म्हणतेय मी?"

प्रार्थना त्याची आणि उतारा भावाच्या हातून! त्याचा आठवडा भट्टीसारखाच धुमसत गेला. पुढच्या रविवारी उपकारस्तुतीची उपासना होती. बाहेरगावच्या मंडळ्याही यायच्या होत्या. आदल्या संध्याकाळी धाकटा भट्टीपाशी डोकावला.

"दादा, उद्या तिसऱ्या कडव्याला सगळे सूर खोलणार आहे. वारा भरपूर लागेल हं."

"लागेल तेवढा मिळेल," लोहार म्हणाला आणि मान वर न करता लोखंडावर घाव घातला.

दुसऱ्या दिवशी देऊळ गच्च भरले होते. दोन कडवी ऑर्गन मेघासारखा गर्जला. तिसरे सुरू झाले आणि लोहाराने दांडा सोडून हाताची घडी घातली. गोळा चढू लागला, रेघ ओलांडून गेला. सूर ढिले पडले, मग एखादे थकलेले जनावर बसकण मारते तसा ऑर्गन खाली बसला. पुढून धाकट्याने लाकडावर बोटे वाजवली. वारा हवा असला की त्यांची ती खूण होती. लोहार हलला नाही.

गाणारे चाचरले. एक एक आवाज गळू लागला. तेवढ्यात एका बाईने ओळ उचलली. आवाज गंजल्या बिजागरीसारखा करकरत होता, पण सुराला पक्का. दुसऱ्याच शब्दाला लोहाराने तो ओळखला. तिच्या मागोमाग सगळे देऊळ गाऊ लागले.

त्याने घाईने दांडा धरला आणि तसाच थांबला. आता वारा भरला, तर ऑर्गन तिला बुडवून टाकील. कडवे संपेपर्यंत तो नुसता दांडा धरून उभा राहिला आणि मगच भाता भरू लागला.

उपासनेनंतर पाहुणे धाकट्यावर तुटून पडले. "काय युक्ती! मधेच वाजवणं थांबवून मंडळीला गायला लावलंत!"

धाकट्याने मागच्या दाराकडे पाहिले. "युक्ती दादाची," तो दात आवळून म्हणाला. "ती त्याने मलाही सांगितली नव्हती."

घरी जाताना लोहार बायकोला म्हणाला, "गायलीस."

"मग काय करणार? कोणीतरी मागे बघायला धावलं असतं आणि तुम्ही हाताची घडी घालून उभे सापडला असतात."

"म्हणजे तुला कळलं?"

"इतकी वर्षं तो गोळा कधी रेघेवर गेला नाही. आजच बरा गेला! आणि त्या दिवशी तुमचा घास फिरला, तो मी पाहिला नाही वाटतं?"

"माझ्यासाठी गायलीस?"

"तोंड उघडलं ते तुमच्यासाठी. मग मात्र देवाशीच बोलत होते. आपल्या पोरीचं आवडतं कडवं होतं ते."

वाटेत भावाचे घर लागले, तशी तिने लोहाराच्या पाठीला हलकेच ढकलले. "आधी आत जा. जेवण काही पळून जात नाही."

त्यानंतर गोळा पुन्हा कधी रेघेवर गेला नाही. पुढच्या रविवारी ती गायली. देवळातून बाहेर पडणारे सगळे तसे सांगत होते. भात्याच्या धापेत आणि ऑर्गनच्या गजरात लोहाराला मात्र तिचा एकही शब्द ऐकू आला नाही. वारा घालता घालता त्याला आता पहिल्या बाकावर बसणाऱ्यांचा हेवा वाटू लागला.