चोक आणि करंज्या

वडिलांनी जुनी गाडी घेतली त्या वर्षी आम्ही तिघं मुलुंडहून गोरेगावला मावशीकडे साखरपुड्याला निघालो. आरे कॉलनीत थंड दूध प्यायला उतरलो आणि परत आल्यावर गाडी सुरूच होईना. वडिलांनी चोक ओढला, स्टार्टर मारला, पुन्हा चोक ओढला. स्टार्टर जोरात फिरत होता, पण इंजिन काही चालू होईना.

"बॅटरी तर ठीक आहे," वडील घाम पुसत म्हणाले. "मग झालंय काय?"

दर रविवारी त्यांचा खटाटोप बघून आईलाही गाडी कळायला लागली होती. ती मागच्या सीटवरून म्हणाली, "अहो, पेट्रोलचा केवढा वास येतोय! इंजिन गरम असताना चोक कशाला ओढता? जास्तीचं पेट्रोल गेलंय आत. ते उडून जाईपर्यंत जरा दम धरा."

"म्हणजे नुसतं बसून राहायचं?"

"नुसतं कशाला?" म्हणत आईने मावशीसाठी केलेल्या करंज्यांचा डबा उघडला. झाडाखाली बसून आम्ही अर्धा डबा फस्त केला. मग वडिलांनी चोक आत ढकलला, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरला आणि स्टार्टर मारला. इंजिन दोनदा खोकलं आणि काळा धूर सोडत सुरू झालं.

"झकास!" वडील ओरडले. मला मागे पाठवून त्यांनी आईला पुढे बसवलं. गोरेगाव येईपर्यंत दोघं मोठमोठ्याने गात होते.