लांज्याची सही

मला स्वतःचं घर हवं होतं ते भिंतीला खिळा मारता यावा म्हणून. हसू नका. लग्नानंतर रत्नागिरीत आम्ही जेवढ्या भाड्याच्या खोल्या बदलल्या, तेवढ्या घरमालकांनी किल्ली हातात ठेवताना पहिलं वाक्य तेच ऐकवलं, की भिंतीला खिळा मारायचा नाही. कॅलेंडर फ्रिजवर, आरसा खिडकीत आणि आमचा लग्नातला फोटो वर्षानुवर्षं कपाटावर, कपाटाच्या पाठीकडे तोंड करून. नवरा म्हणायचा, अगं, चिकटपट्टीचे हूक मिळतात हल्ली. ते पावसाळ्यात गळून पडतात हे त्याला सांगून सांगून मी थकले.

मी एसटीत कंडक्टर आहे आणि माझं डोकं लवकर तापतं. या दोन गोष्टींचा संबंध आहे असं लोकांना वाटतं, पण मी नोकरीआधीही अशीच होते. नवरा माझ्या उलट. तो बंदरावर बर्फाच्या कारखान्यात मशीन सांभाळतो, आणि त्या घरघरीत राहून त्याचा स्वतःचा आवाज कमी कमी होत गेलाय. आम्ही आपल्या मनाने लग्न केलं. माझं माहेर दापोलीकडे. तिथलं दार तेव्हा बंद झालं ते आमची मुलगी दहावीत गेली तरी उघडलेलं नव्हतं. हे सांगून टाकते आणि पुढे जाते, कारण त्यावर रडत बसायला मला वेळ नसतो.

तर घर. आधी फ्लॅट बघितले. एका बिल्डरच्या माणसाने बाल्कनीतून समुद्र दिसतो म्हणून सांगितलं. दिसला, पण स्टुलावर चढल्यावर. दुसऱ्या ठिकाणी स्वयंपाकघर इतकं चिंचोळं की मी आत असताना नवऱ्याला पाणी प्यायचं तर मी बाहेर यायचं. मी प्रत्येक ठिकाणी भांडले आणि नवऱ्याने प्रत्येक ठिकाणी "कळवतो" म्हणून माझा हात धरून खाली आणलं.

मग ते घर सापडलं. गावाच्या टोकाला, रस्त्यापासून चिऱ्यांच्या पायऱ्यांची पाखाडी उतरून जायचं, रिक्षा दारात येत नाही, म्हणूनच ते आमच्या आवाक्यातलं. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, तीन खोल्या, मागे विहीर, कडेला एक फणस. आणि पुढे घराच्या रुंदीएवढी पडवी. मी आत गेले, भिंतीवर हात ठेवला आणि मनातल्या मनात फोटोची जागा ठरवून टाकली.

घर दोन भावंडांच्या नावावर होतं. भाऊ डोंबिवलीला, त्याला विकायचं होतं, आणि त्याने आमच्याकडून बयाणाही घेतला. बहीण लांज्याला. म्हातारी, मालक म्हणजे नवरा वारलेला, मुलाजवळ राहणारी. "तिचं काही नसतं," भाऊ फोनवर म्हणाला, "तिची सही म्हणजे निव्वळ उपचार." त्या उपचाराने आमचा जीव मेटाकुटीला आणला.

आम्ही मोजमापं घ्यायला गेलो त्या दिवशी ती पडवीत बसली होती. कुणी बोलावलं नव्हतं, लांज्याहून एसटीने आली होती. बारीक अंगाची, नऊवारी, पायाशी कापडी पिशवी. आम्हाला वरपासून खालपर्यंत बघून तिने एकच विचारलं, "घेतलात तर काय काय मोडणार?"

आमच्या शांत माणसाला नेमकी त्याच दिवशी वाचा फुटली. ही पडवी काढू, म्हणाला, पुढे ग्रिल, खाली टाइल्स, इथे माझी बाईक. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं. "बघू," म्हणाली, पिशवी उचलली आणि पाखाडी चढून गेली. पाखाडी चढताना मला धाप लागते, ती मध्ये कुठे थांबलीसुद्धा नाही.

त्यानंतर "बघू" खेरीज तिच्याकडून दुसरा शब्द येईना. भावाने फोन केले, वकिलाने केले. बघू. इकडे आमच्या घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि गणपतीआधी खोली रिकामी करा म्हणून सांगून तो मोकळा झाला. अशात एके दिवशी डोंबिवलीहून फोन. कुणी मुंबईची पार्टी होती, त्यांना जागा होमस्टेसाठी हवी होती, घर पाडून नवं बांधणार होते आणि आमच्यापेक्षा चांगले पैसे देत होते. "ताईची सही या आठवड्यात आणा," भाऊ म्हणाला, "नाहीतर तुमचा बयाणा परत करतो. मलाही माझं बघायला हवं." मी फोन ठेवला आणि नवऱ्याला म्हटलं, तुझी बाईक जळो.

साप्ताहिक सुट्टीला मी लांज्याला गेले. भांडायलाच गेले होते. वाटेत सगळं भाषण तयार केलं. दुसऱ्याच्या एसटीत प्रवासी म्हणून बसले की माझ्या हातांना काम नसतं, मग डोकं जास्त चालतं. तिचा मुलगा राहतो तो फ्लॅट हायवेलगत, दुसऱ्या मजल्यावर. दार तिनेच उघडलं. मी तोंड उघडायच्या आत मला खिडकीशी नेलं. खाली ट्रकांची रांग चालली होती.

"तो निळा ट्रक जातोय ना," ती म्हणाली, "थय माझी न्हाणी व्हती. आणि मागची गाडी हाय, थय चूल."

हायवे रुंद झाला तेव्हा तिचं सासरचं घर रस्त्यात गेलं होतं. मोबदला मिळाला, त्यातून मुलाने हा फ्लॅट घेतला, कुणावर राग नव्हता. ती नुसती दाखवत होती, जशी एखादी बाई पाहुण्यांना घर दाखवते. देवघर कुठे, ओटी कुठे, काजू सोलायला बायका बसायच्या ती जागा कुठे. ट्रक जात होते आणि ती त्यांच्यावरून बोट फिरवत होती.

"सासर रस्त्याखाली गेला. आता माहेर इकतायत. मी कुठच्या घराची म्हणून सांगू?"

माझं भाषण कुठच्या कुठे गेलं. पण राग होताच, तो भलतीकडून बाहेर पडला. "तुम्हाला विकायला तरी माहेर आहे," मी म्हटलं. "मला माझ्या दारात उभं करत नाहीत. गणपतीत सगळ्या बायका माहेराला निघतात, त्यांची तिकिटं मी फाडते." बोलून गेले आणि मला माझीच लाज वाटली, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मी तर भांडायला आले होते.

ती वळली. आत गेली, ताट वाढलं. कुळथाची पिठी, भात, वर भाजलेला सुका बांगडा. "जेव आधी." मी जेवत असताना तिने समोर बसून भावाला फोन लावला. "त्या होमस्टेवाल्यास सांग, बहिणीची सही गावायची नाय. नाय म्हंजे नाय. पैशे तू मोज, मी घर मोजतंय." फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला देते असा काय मी बोलली नाय हां."

मला ती बाई त्या दिवशी फार आवडली. सही दिली म्हणून नव्हे, सही दिलीच नव्हती. एवढ्या जास्तीच्या पैशाला, ज्यात तिचाही वाटा होता, ती एका फटक्यात नाही म्हणाली, आणि नंतर मला विचारलं की अजून भात वाढू का. आयुष्यात मी पुष्कळ श्रीमंत प्रवासी बघितलेत. इतका रुबाब कुणाचा बघितला नाही.

पुढच्या आठवड्यात सकाळच्या लांजा–रत्नागिरी गाडीवर माझी ड्युटी होती. लांज्याच्या थांब्यावर ती चढली. हातात तीच पिशवी, आता भरलेली, वर झाडूचा मुठा बाहेर डोकावतोय. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट, म्हणून तिने मला ऐटीत आधार कार्ड दाखवलं. जशी काही ओळखच नाही.

"कुठे निघालात?"

"माहेरास. आज ऱ्हातंय. उद्या भाऊ येणार हाय, तवा सही. तू न् तुझा घरवाला सकाळी घरी या, थयसून सगळी मिळून जाऊ."

मी तिकीट मशीन हातात धरून उभी राहिले. मागून एक जण ओरडला, "ओ मॅडम, पुढचं द्या ना तिकीट." मी त्याच्यावर ओरडलेसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाखाडी उतरलो तेव्हा ओळखू येईना असं घर झालं होतं. जाळी काढलेली, खोल्या धुतलेल्या, अंगण झाडलेलं, विहिरीवर पोहरा दोराला बांधलेला. विकायचं घर असं कुणी देतं का? लोक बल्बसुद्धा काढून नेतात. आम्ही ज्या खोलीतून निघणार होतो तिथला नळाचा वॉशर आमच्याआधीच्या भाडेकरूने नेला होता. आणि ही बाई, या वयात, एकटीने, परक्यांना द्यायचं घर लेकीला देतात तसं घासूनपुसून बसली होती. पडवीत भाऊ चहा पीत होता, आम्हालाही दिला. गुळाचा होता. तिने त्या दिवशी आम्हाला पाहुण्यांसारखं बसवलं, उठू दिलं नाही. शेवटचे पाहुणे तिच्या हातचे.

निघताना तिने मला उंबऱ्यात थांबवलं. पिशवीतून तांदूळ, नारळ आणि हिरवा खण काढला. मग जराशी घुटमळली. त्या बाईला घुटमळताना मी तेवढं एकदाच बघितलं.

"माझे मालक नायत गो. माझ्या हातची ओटी तुला चालते काय?"

मी पदर पुढे केला. तांदूळ पडताना मला काही दिसत नव्हतं, सगळं धूसर. माझ्या लग्नात माझी ओटी कुणी भरली नव्हती, कोर्टात कोण भरणार? ती म्हणाली, "ह्या घरातली लेक कोरडी बाहेर पडत नाय." तिच्या भावाने तोंड दुसरीकडे फिरवलं, आणि माझा नवरा उगाच पायऱ्या मोजत उभा राहिला.

आता सगळं सुरळीत व्हायचं, तर रजिस्ट्रेशनच्या ऑफिसात वेगळंच नाटक. सही तिने झोकात केली, पण अंगठ्याचं मशीन तिला ओळखेना. उजवा ठेवला, डावा ठेवला, पुसून ठेवला, लाल दिवा तसाच. जन्मभर काजू सोललेले तिचे हात, टरफलाच्या तेलाने बोटांवरच्या रेघाच खाल्लेल्या. ऑपरेटर म्हणाला, आजी, जमत नाही, दुसरी तारीख घ्यावी लागेल. भाऊ दुपारच्या गाडीने परत जाणार होता, आणि होमस्टेवाल्यांचा फोन अजून त्याच्याकडे येतच होता. आठ दिवसांत त्याचं मन फिरलं तर?

मी ऑपरेटरवर आवाज चढवणार एवढ्यात ती स्वतःच्या हाताला म्हणाली, "लाज नाय वाटत? घर इकायच्या वेळेला काम चुकवतंस?" सगळं ऑफिस हसलं. ऑपरेटरही हसला, म्हणाला, एकेक बोट ठेवून बघा. ठेवता ठेवता करंगळीवर आली. हिरवा. काजूच्या कामात करंगळी लागत नाही, तीच तेवढी शाबूत राहिली होती. तिने ती करंगळी वर धरून आम्हाला दाखवली आणि म्हणाली, "बिनकामाची मेली, आज कामास आली."

घरी चला, जेवून जा, म्हणून आम्ही किती विनवलं. ऐकेना. "आता घर तुझा. बोलावशील तवा येईन. स्वताहून यायचा माझा संपला." हे ती अगदी सरळ बोलली. मी तिला स्टँडवर नेलं, लांज्याच्या गाडीत खिडकीशी बसवलं. कंडक्टर माझ्याच डेपोचा. त्याने मशीन काढत विचारलं, "मॅडम, कोण या तुमच्या?"

ओटीतले तांदूळ अजून माझ्या पदराला बांधलेले होते.

"माहेरच्या," मी म्हणाले.

ती खिडकीबाहेर बघत राहिली. गाडी सुरू झाली, मी खाली उतरले, तेव्हा तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "मग पडवी मोडलीस तर बघ!"