गुरुवारचा थर्मास

म्हशीच्या पोटाची मला कधी किळस आली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण माझं काम ऐकलं की लोक पहिला प्रश्न तोच विचारतात आणि विचारता विचारता नाक मुरडतात. मी जंतूंवर संशोधन करते. म्हशीच्या पोटाचा जो पहिला मोठा कप्पा असतो, त्यात हे जंतू राहतात. म्हैस जे कुटार खाते ते खरं तर तेच पचवतात. आम्ही त्यांना पऱ्हाट्या खाऊ घालत होतो, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात वाळून उभी राहतात ती झाडं. त्यांची साखर करून घ्यायची आणि त्या साखरेचं इथेनॉल, गाडीत घालता येईल असं इंधन. विदर्भात पऱ्हाट्यांना काय तोटा! लोक बांधावर पेटवून देतात.

फक्त हे जंतू भारी नखरेल. हवा लागली की मेले, गारठले की मेले. म्हणून दर आठवड्याला ताजा माल लागायचा. गुरुवारी सकाळी कामठीच्या बाजूच्या कत्तलखान्यात जायचं, नुकत्याच कापलेल्या म्हशीच्या पोटातला हिरवा, गरम रस फडक्यातून गाळायचा, थर्मास काठोकाठ भरायचा आणि तो छातीशी धरून प्रयोगशाळा गाठायची.

वास येतो. का नाही येणार? आंबलेल्या चाऱ्याचा, शेणाचा, रक्ताचा. केसांत बसतो, दुसऱ्या दिवशी वरणभात कालवताना बोटांना येतो. पण तिथली माणसं भली. मला बघितलं की कोणीतरी ओरडायचं, "अरे, मॅडम आ गई, इधर पानी मारो," आणि माझ्यापुरती जागा धुऊन द्यायचे. त्यांची मला काय म्हणून किळस यावी?

किळस आली ती प्रयोगशाळेची. तिथल्या पांढऱ्याशुभ्र फरशीची, फिनेलच्या वासाची आणि त्या वासात वावरणाऱ्या माणसांची.

आम्ही तिघं संशोधक, वर आमचे सर. ठरलं होतं की पाळीपाळीनं जायचं. पहिल्या गुरुवारी मी गेले. दुसऱ्या गुरुवारी एकीचा उपास निघाला. तिसऱ्या गुरुवारी एकाच्या घरी सत्यनारायण. पुढे चातुर्मास लागला, आणि मग तर कोणी कारणही देईना. मी सरांकडे गेले. सर हसले. "अहो, त्यांच्या घरी ते चालत नाही," म्हणाले. "तुमच्याकडे तसं काही नसतं ना."

तुमच्याकडे! इतक्या गोड आवाजात, जसं काही माझं कौतुकच चाललंय. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, ओकायच्या आधी सुटतं तसं.

मी थर्मास घेऊन आले की बाकी दोघं नाकाला रुमाल लावून भिंतीला चिकटायची. माझा थर्मास ठेवायला वेगळा कोपरा झाला. अ‍ॅप्रनला वेगळी खुंटी झाली. एक दिवस चहाचा कपही वेगळा झाला. मात्र रस एकदा बंद बाटलीत गेला, गढूळ हिरवं पाणी निवळलं, की हीच मंडळी त्यावर तुटून पडायची. आयत्या पिठावर रेघोट्या ओढाव्यात तर यांनीच. बाहेरचे पाहुणे आले की छाती फुगवून सांगायचे, "आमचे सूक्ष्मजीव." आमचे म्हणे! छी!

तरी मी जात राहिले. पीएचडीचं शेवटचं वर्ष होतं, प्रयोग हातातोंडाशी आला होता.

घरी यातलं काही माहीत नव्हतं, वास रसायनांचा असेल असं समजत. बाबा कोराडीच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले. जन्मभर कोळसा आणि राख खाल्ली, अजून खोकतात. पोरगी कोळशाबिगर इंधन बनवते याचा त्यांना केवढा तोरा! ज्या फोटोंपुढे आमच्याकडे रोज मेणबत्ती लागते, त्यांच्या खाली माझा पांढऱ्या कोटातला फोटो टांगलेला. कोणी आलं की सुरू, "सायंटिस्ट हाय माही पोरगी. मशिनीतून जंतू पाहून राहिली." कत्तलखान्याचं त्यांना कसं सांगणार? आमच्या घरात एक गोष्ट आहे.

ती आजोबांची. उमरेडच्या पलीकडच्या गावात मेलेली गुरं ओढायचं काम आमच्या घराण्याच्या माथी होतं. छप्पन साली आजोबा नागपुरात दीक्षा घेऊन गावी परतले, आणि लगेच पाटलाचा बैल मेला. बोलावणं आलं. आजोबा म्हणाले, "आता नाही." पाटलानं मग आजोबांच्या चुलतभावाला जास्तीची ज्वारी कबूल केली. भाऊ गरीब, निघाला. तेव्हा आजोबा त्याच्या दारात जाऊन आडवे बसले. "मले तुडवून जा," म्हणाले. भाऊ काही तुडवून गेला नाही. बैल फुगला, गावभर घाण सुटली. शेवटी पाटलाच्या घरच्यांनीच तोंडाला धोतराचे सोगे बांधून तो ओढत नेला. बाबा ही गोष्ट दरवर्षी सांगतात आणि त्या सोग्यांपाशी आले की हसून हसून खोकतात.

एका बुधवारी प्रयोगशाळेतला थर्मास फुटला. गुरुवार काही थांबणार नव्हता. मी घरातला स्टीलचा उचलला, बाबा पाळीवर चहा न्यायचे तो. काम झाल्यावर सोडा घालून उकळला, घासला, पुन्हा कपाटात ठेवला. पण झाकणाच्या रबरात वास दडून बसला होता. रविवारी बाबा कन्हानला मित्राकडे निघाले, आईनं त्यात चहा भरून दिला. अंगणातच त्यांनी एक घोट घेतला आणि थुंकला.

"काय ठेवलं होतं वं यात?"

खोटं बोलता आलं असतं. नाही बोलले. कत्तलखाना, फडकं, गुरुवार, सरांचं "तुमच्याकडे" सुद्धा, सगळं सांगितलं. बाबा पायरीवर बसले.

"माह्या बापानं ज्या कामाले लाथ मारली, थे तू करून राहिली? इतकी शिकून?"

"बाबा, हे विज्ञान आहे. जगातले मोठमोठे शास्त्रज्ञ हेच करतात."

"मंग तुह्या लॅबातले काहून नाही करत?"

आईनं थर्मास नेऊन मोरीपाशी टाकला. बाबा माझ्याशी बोलायचे बंद झाले. वाढलं तर जेवायचे, पण मान वर करायचे नाहीत. माझा फोटो त्यांनी भिंतीवरून काढला नाही, फक्त आल्यागेल्याला दाखवायचं सोडलं. त्यापेक्षा दोन मुस्कटात मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी सरांना जाऊन सांगितलं, "सगळ्यांची पाळी लावा, नाहीतर मी जाणार नाही."

सरांचं तोंड आंबलं. "विज्ञानात तुम्ही हे सगळं कशाला आणता?"

मी आणते! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. पुढचे दोन गुरुवार मी गेले नाही. बाटल्यांतले बुडबुडे मंदावले. पऱ्हाटीचा भुगा तळाशी होता तसा पडून राहिला. काम माझंच मरत होतं, तेही माझ्या डोळ्यांदेखत. बाकी दोघं वर मलाच म्हणायची, "तू उगाच ताणतेस."

तिसऱ्या गुरुवारी प्रयोगशाळेच्या पायरीवर एक माणूस उभा दिसला. तिशीतला, इस्त्रीचा शर्ट, हातात नवाकोरा थर्मास. सरांनी एजन्सीकडून कंत्राटावर लावलेला. त्याला आत घेतलंच नाही, "तिथंच ठेवा," एवढं आतून कोणीतरी ओरडलं. मी थर्मास घ्यायला गेले, नाव विचारलं. त्यानं आडनावासकट सांगितलं, आणि मला पुढचं काही विचारावं लागलं नाही.

"बी.ए. झालो, मॅडम," तो म्हणाला. "लॅबमधलं काम म्हणून बोलावलं होतं मले."

सर मागून आले, खुशीत. "बघा, सुटला ना प्रश्न! एजन्सीवाल्याला आधीच सांगितलं होतं, ज्याला चालतं असाच माणूस द्या."

मला त्या माणसाकडे बघवेना. पण थर्मास मी घेतला. बाटल्या भरल्या. संध्याकाळपर्यंत बुडबुडे पुन्हा यायला लागले आणि मला आनंद झाला. झाला, कशाला लपवू?

घरी गेले तर बोटांना वास होता, केसांना नव्हता. बाबांच्या ते लक्षात आलं. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा बोलले.

"गेली नाही आज?"

"नाही."

"मंग कोण गेलं?"

"एक माणूस ठेवला त्यांनी."

बाबा भाकर मोडत होते, थांबले. "कोणाचा?"

मी पाण्याचा पेला उचलला.

"आपला?"

मी मान डोलावली.

"अन् त्याच्या हातचा थर्मास घेतला कोणं?"

"मी."

"वा बाप्पा!" बाबांनी ताट सरकवलं. "माहा बाप भावाच्या दारात जाऊन बसला होता वं. सोताची सुटका झाली म्हणून घरी येऊन जेवला नव्हता."

तोवरची सगळी किळस दुसऱ्यांची होती. त्या दिवशी ताटावर बसल्या बसल्या मला माझीच शिसारी आली.

पण त्या माणसाच्या दारात बसून काय करू? त्याला फोन केला तर त्याचं पहिलं वाक्य, "मॅडम, माही नोकरी नका घालवू." त्याची नोकरी घालवायची नव्हतीच. बसायचं होतं, पण दार दुसरं होतं.

पुढच्या गुरुवारी घरातून निघाले, तर माझ्या चपलांपाशी बाबांचा थर्मास ठेवलेला होता, घासूनपुसून लख्ख केलेला. मोरीकडून खोकला ऐकू आला. मी तो पिशवीत घातला.

त्या माणसाला कामठीला जाऊ नका सांगून मी थेट प्रयोगशाळेत बोलावलं होतं. माझा अ‍ॅप्रन त्याला दिला आणि पऱ्हाटीचा भुगा तोलायला आत उभं केलं. मग जाऊन सरांच्या केबिनच्या दारात मांडी घालून बसले. बाकी दोघं आली, बघून तिथंच थबकली. सर आले.

"अहो, हे काय? उठा, आत जाऊ द्या मला."

"आज गुरुवार आहे, सर," मी म्हटलं, आणि बाबांचा थर्मास त्यांच्यापुढे धरला.