रेडिएटरला लागलेली हळद

आमची युनिट तेव्हा उत्तरेच्या डोंगरात होती. मी नाईक हुद्द्याचा व्हेइकल मेकॅनिक. नाव सलीम, गाव पाचोरा. बाप गल्लीत बसून फुटक्या भांड्यांना डाख द्यायचा, मी फौजेच्या गाड्यांना देऊ लागलो. धंदा तोच, गिऱ्हाईक बदललं.

युनिटमध्ये खानदेशातले आम्ही दोघंच. दुसरा शिपाई ड्रायव्हर मुरली, फैजपूरचा, घरी केळीची शेती. पहाटे गाड्या गरम करायच्या, रोल कॉल, मग कॉन्व्हॉय, संध्याकाळी पुन्हा गाड्यांखाली आडवं व्हायचं. मुरली स्टिअरिंगवर बसला की तोंड बंद, उतरला की चालू. "उस्ताद, इथल्या वांग्यांची भरीत व्हायची लायकीच नाही," हे रोजचं. एकदा त्याच्या आईने पार्सलने एक पितळी डबी पाठवली. आत घरी कुटलेली हळद. निरोप होता: थंडी फार आहे, दुधात घालून पी.

एका दुपारी दोन जखमी जवानांना खाली हॉस्पिटलला न्यायचं होतं. गाडी मुरलीकडे, शेजारी मी. एका वळणावर वरून दगड आला आणि रेडिएटरला लागला. पाण्याची धार सुरू झाली.

"कंट्रोल, रेडिएटर लीक. रिकव्हरी पाठवा. ओव्हर."

"रस्ता मागे बंद झालाय. रिकव्हरी येणार नाही. ओव्हर."

मागे एकाचा श्वास घरघरत होता. मी भोकावर साबण घासला, तो वाहून गेला. मुरलीने सीटखालून डबी काढली. आपल्याकडचे ट्रकवाले हा इलाज करतात. हळद पाण्यात फुगते आणि बारीक भोकात जाऊन बसते. त्याने अख्खी डबी रेडिएटरमध्ये ओतली, होतं नव्हतं ते पाणी घातलं, इंजिन चालू केलं. धारेचे थेंब झाले, मग तेही थांबले. आम्ही पोचलो. दोघेही जवान वाचले.

त्याच हिवाळ्यात मुरली गेला. दरड आली आणि त्याला गाडीसकट घेऊन गेली.

त्याची ट्रंक घेऊन मी फैजपूरला आलो. त्याच्या आईला अख्खी गल्ली माई म्हणते. माईने ट्रंकेतून डबी काढली, उघडली, रिकामी पाहिली आणि पुन्हा झाकण लावलं. पोराने आपली हळद प्यायली, एवढं समाधान तरी तिला असू दे, म्हणून मी खरं काय ते सांगितलं नाही. तिथे डोळ्यांतून टिपूस काढला नाही. पाचोऱ्याला बापाच्या भट्टीसमोर बसून मात्र पोटभर रडलो.

मुरलीची मुलगी वैशाली तेव्हा पाळण्यात होती. पुढे तिच्या आईला दोंडाईच्याला शाळेत नोकरी लागली, पोर तिथंच वाढली. यंदा तिचं लग्न ठरलं.

मी आता पेन्शनर. एक जुनी पेट्रोल व्हॅन घेऊन तिचं गाडीघर केलंय. मागे पलंग, शेगडी, पाण्याची टाकी. बेगम म्हणते, "रिटायर हुए, पन गाडी के नीचे से नै निकले." म्हणू दे. याच गाडीची गरज पडली. माईचं खुब्याचं हाड मोडलेलं, तिला बसवत नाही, प्रवास झोपूनच. आणि वैशालीने जाहीर करून टाकलं होतं, "आजीचा हात आधी लागल्याशिवाय मी कुणाची हळद लावून घेणार नाही." मला फोन केला, "सलीमकाका, तुमचा खटारा घेऊन जा ना फैजपूरला."

"खटारा म्हणालीस तर आजीला पायी आणीन," मी म्हणालो.

माईला ऐसपैस झोपता यावं म्हणून मी हत्यारांची मोठी पेटी घरी उतरवली. डाख द्यायची बत्ती त्याच पेटीत. हसा, हसा.

अमळनेर मागे पडलं आणि बेटावदच्या अलीकडे टेंपरेचरचा काटा चढला. गाडी निंबाखाली घेतली. रेडिएटरच्या खालच्या कडेला भोक. मे महिन्याचं ऊन. इंजिन निवेपर्यंत झाकणाला हात लावायची सोय नाही. मोटारसायकलला पाण्याचे कॅन लटकवून एक शेतकरी चालला होता, तो थांबला.

"काय व्हयनं भाऊ?"

"रेडिएटर फुटला."

"मंग बठ्ठं पानी ली ल्या. मी आखो लई येस."

सगळे कॅन उतरवून तो आणखी आणायला गेला. पाणी मिळालं, पण राहील कशात? गाडीत पडलेलं भोक बुजवायचं सील लावलं, ओल्या पत्र्यावर ते धरेना. साबण घासला, गेला. दुसरी गाडी बोलवावी तर तिच्यात माईला झोपवणार कुठे? हळद संध्याकाळची होती आणि ऊन कलायला लागलं होतं. मी मागचं दार उघडून फडकं शोधू लागलो.

"सलीम, काय करू राह्यला रे?"

"काही नाही माई. पडून राहा."

"खोटं नको बोलू. तुले जमत नाही ते."

तिच्या उशाशी पितळी डबी होती. तीच. आत नातीसाठी घरी कुटलेली हळद. माझी नजर डबीवर गेली आणि मी पटकन वळवली. म्हातारीने ते टिपलं.

"डबीकडं काय पाहू राह्यला?"

मग मी सांगून टाकलं. साहेबाला रिपोर्ट देतात तसं. दगड, दोन जखमी, बंद रस्ता, डबी. "माई, मुरलीने ती हळद प्यायली नव्हती."

माईने उशाची डबी हातात घेतली.

"मले ठाव व्हतं," ती म्हणाली. "मुरल्या दुधाले तोंडच लावे नाही. नाक दाबून पाजू तरी थुंके. मंग डबी रिकामी कशी झाली? इतके वर्सं मी हेच मनाले इचारू राह्यले. वाटे, फेकली का काय पोऱ्यानं." मग तिने विचारलं, "ते दोघं कसे हायेत?"

"चांगले आहेत. एकाला नातू झाला."

"माय वं!" म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडली. मीही रडलो, हातात पाना तसाच. शेतकरी आणखी पाणी घेऊन आला, तो कॅन हातात धरून थबकला. त्याला वाटलं, आत्ताच कुणी गेलं.

माईने डबी पुढे केली. "घे."

"माई, ही वैशालीची आहे."

"बापानं केलं तसंच कर. फक्त बोटभर राहू दे."

मी ओतली. इंजिन चालू केलं. धारेचे थेंब झाले, मग तेही थांबले. दाब चढू नये म्हणून रेडिएटरचं झाकण थोडं सैल ठेवून आम्ही सावकाश निघालो.

दोंडाईच्याला मांडवात दिवे लागले होते. पाट रिकामा, नवरी दारात उभी. माईला खाटेवर घालून आत नेलं. तिने डबीच्या तळाशी बोट फिरवलं आणि पोरीच्या गालाला लावलं.

"एवढीच राह्यली माय. बाकीची तुह्या बापाच्या कामाले आली."

वैशाली माझ्याकडे बघू लागली. तिथेच, मांडवात, मी तिला सगळं सांगितलं. बापाबद्दल तिला अशी गोष्ट पहिल्यांदाच मिळाली होती. रडत रडत ती मला म्हणाली, "काका, पुन्हा सांगा." मी पुन्हा सांगितलं.

लग्न होऊन आता बरेच दिवस झाले. मी डाखवाल्याचा पोरगा. ते भोक बुजवणं माझ्या डाव्या हाताचं काम आहे. बेगम रोज टोकते. पण मी काही त्याला डाख दिलेला नाही. गाडी काढायची असली की आधी खाली वाकून बघतो. जमीन कोरडी असते. "शाब्बास, मुरल्या," म्हणतो आणि गिअर टाकतो.