गेलिक म्युझियम आणि आईचे चार दिवस

आमची मुलगी बारा वर्षांची. जन्मली शारजात, वाढतेय अल नहदा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये. तिला मराठी कळतं, पण "जेवलीस का गं?" विचारलं की उत्तर येतं, "ऑलरेडी डन, बाबा." अशा वेळी मातृभाषेचा कळवळा असलेल्या बापानं काय करावं? रोज तिच्याशी मराठीत बोलत राहावं. हा उपाय फारच साधा वाटला, म्हणून मी स्कॉटलंडची सहल आखली.

तिथल्या एका बेटावर गेलिक भाषेचं म्युझियम आहे. ती बोलणारे आता कमी होत चाललेत, म्हणून म्हाताऱ्यांचे आवाज तिथे जपून ठेवलेत. ते ऐकून पोरीचे डोळे उघडतील, असा माझा बेत. मी पेशानं प्रोजेक्ट प्लॅनर. एक्सेल शीट केल्याशिवाय मला साधी भाजी आणता येत नाही. शीटमध्ये म्युझियमला अडीच तास दिले, त्यात बाबांच्या भाषणाला वीस मिनिटं. शीट अर्थातच इंग्रजीत.

"बाबा, इट्स क्लोज्ड ऑन संडे," मुलीनं शीट बघताच सांगितलं. आमच्या इथे रविवारी मॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नसते. अख्खं बेट रविवारी दार लावून बसतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बोटीची वेळ जुळवता जुळवता मुक्काम चार दिवसांनी वाढला. रजा काही वाढेना. मग दरवर्षी डोंबिवलीला आईकडे दहा दिवस जातो, त्याचे सहा केले.

बायको म्हणाली, "आईंना तूच सांग. मी नाही सांगणार, खलास."

मी फोन लावला. "आई, या खेपेला सहाच दिवस गं."

आई म्हणाली, "बरं. पोरीला दे." मी स्पीकर लावला. आई एकेक शब्द चाचपत म्हणाली, "हाऊ... वॉज... युवर स्कूल?" पोरगी आनंदानं ओरडलीच. दोघी चक्क दहा मिनिटं बोलल्या, मधे माझ्या भाषांतराशिवाय.

सोसायटीतल्या एका बाईंकडे आई दोन महिने इंग्रजी शिकतेय म्हणे. वय चौऱ्याहत्तर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तू कशाला शिकतेस आई? ती शिकेल ना मराठी."

"कधी रे?" आईनं विचारलं. टोमणा नव्हता तो. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.