शाई एकदाच लागली

प्रणिताला नदीपलीकडच्या सूतगिरणीत कारकुनाची जागा मिळाली, त्या वर्षीची ही गोष्ट. तिची आजी भागरथा साठीनंतर साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकलेली. भरदुपारी ती पाटी छातीशी घेऊन पडली आहे. पाटीला पेन्सिल बांधायची दोरी सकाळीच तुटली. डोळा लागतो न लागतो तोच खट-खट ऐकू येतं.

घरातला माग मोडून तीस वर्षं झालीत. तरी भागरथाचा बाप डोमाजी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणत बसला आहे. अंगावर तोच मळका पंचा.

“पोरी, वाचता येते म्हणे तुले?”

“येते, बा. अडखळत.”

तो कमरेचा कागद काढतो. भागरथाला तो ठाऊक आहे. इंग्रजांच्या अमलात साहेब घोड्यावरून शाळा द्यायला आला, तेव्हा कोष्ट्यांच्या पंचांनी नाही म्हटलं होतं. पोरांची शाईची बोटं पांढऱ्या सुताला लागली तर लुगडं कोण घेणार? सगळ्यांच्या वतीने डोमाजीने अंगठा दिला. शाळा नदीपलीकडे गेली. पाठोपाठ पोस्ट गेलं, बँक गेली, सूतगिरणीही तिकडेच उभी राहिली. नदीच्या या काठावरचे माग एकेक करून मुके झाले.

आता खड्डा नाही, शाळेचा वर्ग आहे. म्हातारा डोमाजी बुटक्या बाकावर गुडघे दुमडून बसला आहे. खिडकीखाली नदी आहे, पण तिच्यात पाणी नाही. या काठापासून त्या काठापर्यंत मागावरच्या उभ्या सुतांचा पांढरा ताणा पसरलेला.

भागरथा बोट ठेवून वाचते. या वस्तीस शाळा नको. खाली अंगठा.

“आन् मागाचं काय लिवलं?”

शाळा नाकारली म्हणजे सरकार मागाला हात लावणार नाही, माग टिकेल, असं त्याने मरेपर्यंत धरून ठेवलं होतं. खोटं वाचावं, असं तिच्या ओठांवर येतं. त्याला कुठे कळणार आहे?

“काही नाही लिवलं, बा.”

तो आपला अंगठा पाहतो.

“शाई एकदाच लागली मले, पोरी. तेवढ्यानंच सारं बाटलं.”

मग तो तिची पाटी ओढून घेतो, दोरीची दोन टोकं थुंकी लावून जुळवतो.

जाग येते तेव्हा उन्हं उतरली आहेत. पाटीची दोरी सांधलेली आहे. ताण्याचा तुटलेला धागा जोडतात ती गाठ, बोटाला लागतसुद्धा नाही अशी. भागरथाला ती कधी आलीच नाही. लेकींनी सूत गुंडाळून कांड्या भरायच्या, गाठ लेकांना शिकवायची, अशी रीत. वस्तीत आता ती गाठ येणारं कोणी उरलेलं नाही.

डोमाजी तर एकोणीसशे चौसष्टच्या माघातच वारला होता.