आडवा राजवाडा
रंगात मिसळायचा सरस उकळल्याचा वास आला की पनवेलमधली आमची बुटकी शेड आठवते. नव्वदच्या आसपासची गोष्ट. पावसाळ्यात रंग वाळत नसे, म्हणून गावोगावच्या नाटकांचे पडदे आमचे हे दिवाळीनंतरच रंगवायला घेत. कापड जमिनीवर अंथरून, त्यावर अनवाणी चालत, काठीला बांधलेल्या कुंचल्याने राजवाडा काढत. उभा करून बघायला छत पुरतच नसे. विचुंब्याच्या जत्रेत ह्यांचा पहिला पडदा वर चढू लागला आणि मी डोळे गच्च मिटले. खांब वाकडे निघाले, तर पुढच्या गावांची कामं गेलीच! "वयनी, बगा तरी, उबा ऱ्हायला!" पडद्याची दोरी ओढणारा शेतकरी ओरडला. बघितलं, तर भाताच्या रिकाम्या शेतात आभाळाला भिडलेला राजवाडा, आणि पांढऱ्या पायरीवर ह्यांच्या रंगलेल्या पावलाचा चुकून उमटलेला ठसा, जणू कुणी आत्ताच आत गेलंय. हे गेले, त्या दिवशी मला तीच पायरी दिसत राहिली.